पहिल्या कम्युनियनचा उन्हाळा

वार्षिक परीक्षा संपली की शाळेतल्या बाकीच्या मुलांना सुट्टी लागायची. आमच्या चाळीत मात्र ज्या मुलांचं त्या वर्षी पहिलं कम्युनियन असेल, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर जी मुलं चर्चमध्ये पहिल्यांदा घेणार असतील, त्यांची दुसरी शाळा सुरू व्हायची आणि ती पहिलीपेक्षा कडक असायची. 1991 च्या उन्हाळ्यात माझा नंबर लागला. तिसरीचा शेवटचा पेपर देऊन मी दप्तर खुंटीला अडकवलं आणि त्याच संध्याकाळी आजीनं माझ्या हातात जपमाळ दिली. "आता हिची परीक्षा," म्हणाली.

चाळ नाशिकरोडला होती. समोरासमोर दोन रांगा, मध्ये शहाबादी फरशीची बोळ, टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ, वर पत्र्याची छपरं. दोन-चार घरं सोडली तर सगळी कॅथलिक. बहुतेकांचं मूळ नगर जिल्ह्यात, राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर या बाजूला. 19 व्या शतकाच्या अखेरीस जेझुइट मिशनऱ्यांनी त्या भागात काम सुरू केलं आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत गावकुसाबाहेरच्या वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. तिथं शेती नव्हती, दुसऱ्याच्या शेतात राबणं होतं. मग नाशिकरोडला 1925 मध्ये सिक्युरिटी प्रेस आली, 1928 मध्ये नोट प्रेस आली, आणि माणसं इकडे सरकली. माझे आजोबा प्रेसमध्ये, वडील प्रेसमध्ये. शेजारचे काका रेल्वेत, पलीकडचे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, एक जण देवळालीच्या तोफखाना केंद्रात माळी. सगळ्यांचे डबे पहाटे एकाच वेळी भरले जायचे आणि सगळ्या घरांना एकमेकांच्या भाजीचा वास यायचा.

कडकपणा कसा होता ते सांगते. संध्याकाळी सात वाजता माळ, म्हणजे रोझरी, जपमाळेवर म्हणायची प्रार्थना. त्या वेळी बोळीत खेळणारं मूल दिसलं तर ते कुणाचं आहे हे न बघता जवळची बाई त्याला कानाला धरून आपल्या घरात बसवायची. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकली तर दुपारपर्यंत तीन घरांतून विचारणा व्हायची, ताप आहे का म्हणून. शुक्रवारी मटण शिजायचं नाही. चर्चनं हा नियम केव्हाच सैल केला होता, पण आमच्या चाळीत तो वर्षभर पाळला जायचा. उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, तर सिनेमा नाही, लग्न नाही, नवे कपडे नाहीत. दर शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, तिच्या चौदाही स्थानकांवर गुडघे टेकायचे, मग फरशी तापलेली असो नाहीतर गार.

आणि हे सगळं लादलेलं आहे असं आम्हा मुलांना वाटायचं नाही, कारण मोठी माणसंही तेच करत होती. वडील रात्रपाळी करून आले तरी रविवारी सातच्या मिस्सेला उभे असायचे. डोळे मिटत असायचे, पण उभे असायचे.

त्या वर्षी ईस्टर 31 मार्चला होऊन गेला होता. आमचे वर्ग एप्रिलच्या मध्यात सुरू व्हायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, 14 एप्रिल होता, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचा दिवस. मिस्सा झाली आणि आजी मला घेऊन थेट जवळच्या बौद्ध वस्तीत गेली. आजीच्या माहेरची अर्धी माणसं 1956 नंतर बौद्ध झाली होती. एक भाऊ चर्चला जाणारा, एक विहारात जाणारा. दोघं एकमेकांकडे येत-जात असत, फक्त देवाचा विषय काढत नसत. आजी तिथं मिरवणुकीत चालली, गोडाचं खाल्लं आणि संध्याकाळी सातला माळेला परत आली. आमच्या ओट्यावर त्या दिवसांत पुरुषांची एकच चर्चा चालायची. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या होत्या. 1956 मध्ये त्यात शीख आले आणि 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत, आजही नाहीत. दोन सख्ख्या भावांच्या नातवंडांपैकी एकाला केंद्राची सवलत आणि दुसऱ्याला नाही, हे आमच्या घरातलंच उदाहरण होतं. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. पण बोलताना वडिलांचा आवाज चढायचा तो लक्षात आहे. रोजचे ते शांत होते.

वर्ग सकाळी चर्चच्या हॉलमध्ये भरायचे. एक सिस्टर शिकवायच्या आणि मध्येच फादर येऊन कुणालाही उठवून विचारायचे. सात संस्कार, दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगिकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना, पश्चात्तापाची प्रार्थना, मिस्सेत कुठे बसायचं, कुठे उठायचं, कुठे गुडघे टेकायचे. सात-आठ वर्षांच्या मुलांनी कम्युनियन घ्यावं ही पद्धत तशी फार जुनी नाही. पूर्वी मुलांना बरीच वर्षं थांबवून ठेवत. 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी ठरवून दिलं की साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळायला लागतं, भाकर आणि ख्रिस्तशरीर यातला फरक त्याला समजला की पुरे. सिस्टरांनी आम्हाला हे सांगितलं तेव्हा शेजारच्या मुलानं विचारलं, "आणि नाही समजला तर?" सिस्टर म्हणाल्या, "तर पुढच्या वर्षी." त्यानंतर हॉलमध्ये कुणी चुळबुळ केली नाही.

तो वर्ग झाला तरी आम्हाला खरं शिकवलं ते ओट्यावरच्या बायकांनी. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण चर्चच्या इतिहासात बिशप येतात, मिशनरी येतात, चर्चच्या इमारती कुणी बांधल्या ते येतं, या बायका कुठेच येत नाहीत. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं कम्युनियन राहुरीकडच्या एका खेड्यात झालं होतं. तिथं फादर महिन्यातून एखाद्या वेळी घोड्यावरून यायचे, आणि एरवी सगळं 'मास्तर' पाहायचे, म्हणजे मिशनचे धर्मशिक्षक. मास्तर म्हणायचे आणि पोरं मागून म्हणायची. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होती. 1962 ते 65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, तेव्हा आजी पस्तिशीच्या पुढची होती. म्हणजे तिनं सगळ्या प्रार्थना दोनदा पाठ केल्या, एकदा न कळणाऱ्या भाषेत आणि एकदा आपल्या. भांडी घासताना ती अजून लॅटिन गीतं गुणगुणायची, सूर बरोबर आणि शब्द तिचे.

मे महिना म्हणजे कुरडयांचा महिना. तीन दिवस गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून धोतराच्या पानावर घालायचा. आजीनं मला विश्वासांगिकार शिकवला तो कुरडया घालताना. सोऱ्याचा दांडा तिच्या हातात, वाटीला पाणी लावायचं काम माझं. "मी विश्वास ठेवतो" म्हणताना दांडा फिरायला लागायचा आणि "पंतय पिलाताच्या वेळी" येईपर्यंत एक कुरडई पुरी व्हायची. अडखळले की दांडा थांबायचा. चीक गार होतो, घट्ट होतो, मग सोऱ्यातून उतरत नाही. त्यामुळे समोर बसलेल्या तीन बायका एकदम पुढचा शब्द पुरवायच्या. त्यातली एक मावशी मंगळुरूची होती, तिच्या मराठीला कोकणी चाल होती. एक तमिळ होती, देवळालीच्या लष्करी कँपातून इकडे आलेली. माझ्या प्रार्थनेत त्या उन्हाळ्यात तिघींचे हेल मिसळले होते आणि फादरांनी ऐकून नुसतं हसून मान हलवली होती.

सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये कम्युनियनच्या होस्ट, म्हणजे त्या पातळ गोल भाकरी, तयार व्हायच्या. वर्ग संपला की आम्ही मागच्या खिडकीशी रेंगाळायचो. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही, मीठसुद्धा नाही. पातळ पीठ दोन लोखंडी पाट्यांमध्ये दाबून भाजायचं, कागदासारखा पापड निघायचा, मग त्यातून गोल कापायचे. कापून उरलेलं जाळीसारखं कात्रण सिस्टर आम्हाला वाटायच्या. ते जिभेवर ठेवलं की टाळूला चिकटायचं आणि विरून जायचं. सिस्टर आधी बजावायच्या, "हे नुसतं पीठ आहे. वेदीवर फादर जे करतात त्यानंतर ते पीठ राहत नाही." आठ वर्षांच्या मुलीला हे जेवढं कळायचं तेवढं मला कळलं. एकाच पापडातला गोल तुकडा तिकडे जातो आणि कडेचा माझ्या खिशात येतो, याचा मी फार विचार करायची. कडेचे तुकडे मी खाली सांडू द्यायची नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आता फ्रॉकबद्दल.

चाळीत पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक एकच होता. कुणा एकीच्या बापानं कधी काळी बोनसमध्ये कापड घेतलं होतं, आणि तेव्हापासून तो घरोघर फिरत होता. दर वर्षी ज्या मुली असतील त्यातली जी सगळ्यात अडचणीतल्या घरातली, तिला तो मिळायचा, बाकीच्या आपापला शिवायच्या. त्या वर्षी वडिलांच्या आजारपणात बराच पैसा गेला होता, म्हणून तो माझ्याकडे आला. फ्रॉक माझ्या मापाचा करायचं काम मशीनवाल्या मावशींकडे होतं. त्यांच्या खोलीत खिडकीखाली पायमशीन असायचं. त्यांनी फ्रॉक उलटा करून मला दाखवला. खालच्या घडीला टाक्यांच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीखाली एक, प्रत्येक मुलीच्या उंचीची एक ओळ. मावशींनी बोट फिरवत प्रत्येक ओळ कुणाची ते सांगितलं. ही आता नर्स आहे, हिचं लग्न मनमाडला झालं, ही सिस्टर झाली. एका ओळीवर त्या थांबल्या. "ही माझी," म्हणाल्या, आणि दोऱ्याचं टोक दातानं तोडलं.

मशीनवाल्या मावशी दर रविवारी मिस्सेला यायच्या. शेवटच्या बाकावर बसायच्या आणि कम्युनियनची रांग लागली की बसूनच राहायच्या. सरावाच्या वेळी सिस्टरांनी आम्हाला रांगेत कसं चालायचं ते शिकवलं, तेव्हा मी घरी येऊन विचारलं की मावशी रांगेत का येत नाहीत. आई म्हणाली, जेव. ताईला विचारलं, ती म्हणाली, गप्प बस. शेवटी आजीनं सांगितलं. मावशींनी एका हिंदू माणसाशी कोर्टात लग्न केलं होतं. चर्चमध्ये झालं नाही ते लग्न चर्चच्या लेखी लग्नच नाही, आणि म्हणून कम्युनियन नाही. काका रेल्वेत होते, सज्जन माणूस. चाळीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर आपली लुना घेऊन आधी तेच धावायचे.

आजीनं हे सांगताना आवाज कमी केला नाही, की मावशींबद्दल एक शब्द वावगा बोलली नाही. नियम तो नियम, असंच तिचं म्हणणं होतं. मला मात्र त्या दिवसापासून तो बाक दिसायला लागला.

मे महिना मरियामातेचा. चर्चमधून मूर्ती यायची आणि रोज संध्याकाळी एका घरातून दुसऱ्या घरात जायची. ज्या घरी मूर्ती, त्या घरी सगळ्या चाळीची माळ. आदल्या दिवसापासून त्या घरात धावपळ. भिंतीला चुन्याचा हात, शेजारून आणलेली सतरंजी, मोगऱ्याच्या माळा, मेणबत्त्या. माळेनंतर लितानी, म्हणजे मरियेला एकेका नावानं हाक मारायची प्रार्थना. एक जण बोलायचा, पहाटेचा तारा, हस्तिदंती मनोरा, सोन्याचं घर, आणि आम्ही सगळे "आम्हांसाठी विनंती कर". दहा बाय दहाच्या त्या खोलीत तीस-चाळीस माणसं दाटीवाटीनं बसलेली, घामाचा आणि मोगऱ्याचा एकत्र वास, बाहेर बोळीत उभे असलेले पुरुष. शेवटी फुटाणे, कधी कोकमचं सरबत. भजनी मंडळातलं कुणी असलं तर पेटी आणि ढोलकी बाहेर निघायची, मग दहा वाजेपर्यंत कुणी हलत नसे.

मूर्तीची यादी चर्चच्या सभेत ठरायची. त्यात मशीनवाल्या मावशींचं घर नसायचं. मूर्ती त्यांच्या दारावरून जायची, त्या दारात दिवा लावून हात जोडून उभ्या राहायच्या आणि मूर्ती पुढे जायची. हे चुकीचं होतं. तेव्हाही होतं. कम्युनियनचा नियम चर्चचा होता, त्यावर मी इथे वाद घालत नाही. पण मूर्ती कुणाच्या घरी न्यायची नाही असा कुठलाही नियम चर्चमध्ये नाही. तो आमच्या माणसांनी आपल्या मनानं जोडला होता. जिथं माणसं इतकी जवळ राहतात तिथं एकीला वगळणं रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं, आणि तरी रोज घडतं.

त्या वर्षी मूर्ती मावशींच्या शेजारच्या घरी होती. माळ संपली, फुटाणे वाटले, बायका पांगल्या. आजी उठली आणि मला हाताला धरून मावशींच्या घरात शिरली. मशीनवर झाकण घातलेलं होतं. काका पाट घेऊन आले. आजी खाली बसली, कनवटीची माळ काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, "नमो मरिये, कृपापूर्णे". मावशी आधी नुसत्या बसून राहिल्या, मग उत्तरं द्यायला लागल्या. काका दारात पाठमोरे उभे होते. परत येताना बोळीत एका बाईनं आजीला टोकलंच. आजी म्हणाली, "मूर्ती कुणाकडे न्यायची ते सभेनं ठरवावं. मी माळ कुठं बसून म्हणायची ते मी ठरवीन." ती बाई त्यावर काही बोलली नाही. बोलेल कशी, तिच्या चारही बाळंतपणांत आजीच होती.

22 मेला सकाळी नळावर रेडिओची बातमी आली. आदल्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी बॉम्बस्फोटात गेले होते. दुकानं उघडली नाहीत, रस्ते ओस. आमचा वर्ग झाला नाही. दुपारभर मोठी माणसं ओट्यांवर बसून होती, मुलांना बोळीच्या बाहेर सोडत नव्हती. संध्याकाळी माळ होणार की नाही, यावर चर्चा झाली आणि होणारच असं ठरलं. मग दुसरा प्रश्न निघाला. तेव्हा माळेची रहस्ये, म्हणजे माळ म्हणताना मनात आणायचे ख्रिस्त आणि मरियेच्या जीवनातले प्रसंग, पंधरा होती, प्रकाशाची पाच पुढे 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जोडली. सोमवार-गुरुवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बाकीच्या दिवशी गौरवाची. तो बुधवार होता, म्हणजे गौरवाची. कुणीतरी म्हणालं, आज असा दिवस, आज दुःखाची म्हणू या. सगळ्यांना ते पटलं होतं. आजी एकटी अडून बसली. "कुणी गेलं म्हणजे गौरवाचीच म्हणायची," ती म्हणाली. "पहिलं रहस्य काय? प्रभू कबरेतून उठला. मेलेल्यासाठी याच्याशिवाय दुसरं काय मागायचं असतं?" आणि तीच म्हटली गेली. त्या सकाळपासून मला भीती वाटत होती, भीती कशाची ते कळत नव्हतं. माळ चालू असताना ती कमी झाली. वर्गात महिनाभर पुनरुत्थानाची व्याख्या पाठ केली होती, ती काय असते ते मला त्या खोलीत समजलं.

कम्युनियनच्या आधी पहिलं कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करणं. आदल्या दिवशी, शनिवारी. त्याआधी विवेकाची तपासणी करायची असते, एकेक आज्ञा घेऊन आपण कुठे चुकलो ते आठवायचं. मला ते जमेना. काही आठवायचं नाही, मग एकदम इतकं आठवायचं की रडू यायचं. वडील त्या रात्री माझ्याजवळ बसले. धर्माच्या गोष्टी ते कधी बोलत नसत, ते खातं आजीचं. ते म्हणाले, "आमच्या प्रेसमध्ये सकाळी मोजून कागद घेतात आणि संध्याकाळी मोजून देतात. फाटला, डागाळला, बिघडला तरी चालतो. तो दाखवून बाजूला ठेवायचा, त्याचाही हिशेब असतो. लपवलेला मात्र चालत नाही. तसंच कर. चांगला वाईट सगळा कागद फादरांपुढे ठेव आणि ये." मी पुढे बऱ्याच फादरांची प्रवचनं ऐकली. कन्फेशन इतकं सोपं करून कुणी सांगितलेलं नाही.

जाळीच्या अलीकडे गुडघे टेकले तेव्हा माझी उंची कमी पडत होती, फादरांचा कान दिसत होता तेवढाच. "फादर, मला आशीर्वाद द्या, कारण मी पाप केलं आहे." पुढे काय सांगितलं ते माझं आणि देवाचं. प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया मिळाल्या. बाहेर पायरीवर बाकीची मुलं एकमेकांना विचारत होती, तुला किती मिळाल्या. तमिळ मावशी तिथेच उभी होती. तिनं एकेकाच्या तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं.

त्या रात्री घरात भांडण झालं, ते उपासावरून. कम्युनियनच्या आधी तासभर काही खायचं नाही, एवढाच नियम 1964 पासून आहे, पाणी कधीही चालतं. पण आजीच्या लहानपणी मध्यरात्रीपासून थेंबही चालत नसे, आणि तिच्या मते खरा उपास तोच. आई म्हणत होती, जूनचं ऊन आहे, मिस्सा लांबणार, पोर चक्कर येऊन पडेल. आजी म्हणत होती, आम्ही पडलो नाही. शेवटी आईनं माठ उचलून माझ्या उशाशी आणून ठेवला आणि म्हणाली, "पाण्याला पोपनंसुद्धा हरकत घेतलेली नाही." आजी तोंड फिरवून झोपली. पहाटे तिनंच मला उठवलं, न्हाऊ घातलं, आणि वेणी घालताना हळूच विचारलं, "पाणी प्यालीस ना?"

2 जून, ख्रिस्तशरीराचा रविवार. हॉलपासून चर्चपर्यंत दोघादोघांची रांग, हातात मेणबत्ती, मुलींच्या डोक्यावर जाळीचा पदर. फ्रॉक मला नीट बसला होता, मावशींनी कंबरेला दोन चुण्या जास्त घातल्या होत्या. चर्च भरलेलं होतं, नगरकडचे पाहुणे बाहेर मांडवातही उभे होते. माझी पाळी आली. "ख्रिस्ताचे शरीर." "आमेन." जिभेवर तीच ओळखीची चव, पीठ आणि पाणी. जागेवर येऊन डोळे मिटले. काय वाटलं ते पुष्कळ वेळा लिहून पाहिलं आहे, ते येत नाही. एवढं सांगते की आजूबाजूचा आवाज बंद झाला नव्हता, पेटी वाजत होती, कुणाचं बाळ रडत होतं, आणि त्या सगळ्यांसकट मला भरून आलं होतं.

मिस्सेनंतर चहा, पाव, केळी. मग आमच्याकडची रीत. कम्युनियन घेतलेल्या मुलानं चाळीतल्या प्रत्येक घरात जायचं, मोठ्या माणसानं कपाळावर अंगठ्यानं क्रूस करायचा आणि हातात रुपया-दोन रुपये ठेवायचे. मी मशीनवाल्या मावशींकडे गेले तेव्हा त्या कपाळाला हात लावायला कचरत होत्या. काकांनीच म्हटलं, "अगं, कर ना, पोरगी थांबलीय." त्यांनी क्रूस केला. दुपारी बोळीत चुली मांडून सगळ्या घरांचं मिळून मटण शिजलं आणि मावशींच्या हाताला होती म्हणून त्या रश्श्याला चव आली, असं सगळेच म्हणाले. ज्या बायका मूर्ती त्यांच्या दारावरून पुढे नेत, त्याही म्हणाल्या.

पुढे काही वर्षांनी एक नवे फादर आले. त्यांनी मावशी-काकांना घरी जाऊन समजावलं की काकांना धर्म बदलायची गरज नाही. बिशपांची परवानगी घेऊन चर्चमध्ये लग्न लावता येतं. मुलांना ख्रिस्ती धर्मात वाढवण्याचा शक्य तेवढा प्रयत्न करीन, एवढं वचन मावशींनी द्यायचं, आणि काकांना ते माहीत असलं की झालं. ही सोय आधीपासूनच होती. इतकी वर्षं ती त्यांना कुणी नीट सांगितली नव्हती, याचा मला अजून राग येतो. नाशिकचा धर्मप्रांत 1987 पासून पुण्याहून वेगळा झालेला होता आणि पहिले बिशप थॉमस भालेराव नाशकातच असायचे. कागद पुण्याला पाठवायचाही प्रश्न उरला नव्हता. एका साध्या सकाळी ते लग्न झालं, वडील साक्षीदार होते. पुढच्या रविवारी मावशी रांगेत आल्या. शेवटचा बाक त्यांनी सोडला नाही, तिथूनच उठून आल्या.

त्यानंतरच्या मे महिन्यात पहिल्या संध्याकाळची मूर्ती त्यांच्याकडे होती. काकांनी स्वतः मोगऱ्याचं तोरण बांधलं, मशीन उचलून बाहेर ठेवलं, सतरंजी अंथरली. घर भरलं, बोळ भरली. माळ सुरू व्हायची वेळ झाली तरी काका आपले दाराबाहेरच, चपलांपाशी उभे. आजी मूर्तीच्या शेजारी बसली होती. तिनं तिथूनच हाक मारली, "अहो जावईबापू, सासुरवाडीला असं दारात उभं राहतात का? या आत, सरका गं सगळ्या."

बायका सरकल्या.